ओट्याखालची माती

आमच्या घरामागे पोहण्याचा तलाव आहे आणि त्याच्याभोवती काँक्रीटचा डेक आहे. माझे वडील, म्हणजे आबा, या डेकला पहिल्या दिवसापासून ओटा म्हणत आले आहेत आणि तलावाला हौद. डॅलसच्या उत्तरेला कॉलिन काउंटीत हे घर आम्ही २०१४ साली घेतले, तेव्हा तलावाला सोळा वर्षे झाली होती. त्यानंतर आठ वर्षे ओट्याकडे कोणाचे लक्षही गेले नाही. २०२२ च्या ऑगस्टअखेर खोल पाण्याच्या बाजूचा ओटा खचला. तो उचलून घ्यावा की फोडून नवा घालावा, हे ठरवायला मला नऊ महिने लागले.

खचला हे प्रथम पायाला कळले. सकाळी अनवाणी जाताना अंगठा तलावाच्या काठाच्या दगडाला ठेचला, आणि वाकून पाहिले तर काठ आणि ओटा यांच्यामधली फट बुजवणारी, रबरासारख्या लांबीची (लुकणाची) पट्टी एका बाजूने सुटून लोंबत होती. पूर्वी काठाशी सपाट असलेला ओटा त्याच्यापेक्षा सव्वा इंच खाली गेला होता. गवंड्याच्या भाषेत दहा सूत. अमेरिकेतल्या सार्वजनिक जागांच्या सुगम्यतेच्या नियमांमध्ये चालण्याच्या वाटेवर पाव इंचापर्यंतचीच उभी पायरी तशीच ठेवता येते, म्हणजे दोन सूत. खाजगी घराला तो नियम लागू नसला, तरी ओल्या पायांनी धावणाऱ्या मुलांचा पाय घरात आणि बाहेर सारखाच अडखळतो.

पहिल्या दोन आठवड्यांत तीन कंत्राटदार येऊन गेले. एकाने सगळा ओटा फोडून रंगीत, दगडी नक्षीचे काँक्रीट घालण्याचा नमुनासंग्रह उघडला. दुसऱ्याने फोम भरून एका सकाळीत ओटा वर आणून देतो असे सांगितले, आणि त्याचा दर पहिल्याच्या साधारण तिसऱ्या हिश्शाइतका होता. तिसरा जुन्या पद्धतीने सिमेंट आणि मातीचा राडा दाबून भरणारा होता. तिघेही आपापल्या कामात वाकबगार होते, याबद्दल मला शंका नाही. परंतु ओटा खचला कशामुळे, हा प्रश्न तिघांपैकी एकानेही विचारला नाही. तो प्रश्न आबांनी विचारला. ते त्या वर्षी मे महिन्यापासून आमच्याकडे होते, आणि आयुष्यभर परभणी जिल्ह्यात काळ्या रानात कपाशी आणि ज्वारी केलेल्या माणसाने काँक्रीटकडे न बघता आधी खालच्या मातीकडे बघणे स्वाभाविक होते.

टेक्सासचा हा पट्टा उत्तरेला रेड नदीपासून खाली सॅन अँटोनिओपर्यंत पसरलेला असून त्याला ब्लॅकलँड प्रेअरी म्हणतात. इथली ‘ह्यूस्टन ब्लॅक’ नावाची माती टेक्सासची राज्यमृदा मानली जाते. मृदाशास्त्रात ती आणि मराठवाड्याची खोल काळी माती एकाच गणात मोडतात, त्या गणाचे नाव व्हर्टिसॉल. आपली माती बेसाल्टच्या काळ्या खडकातून झाली आणि इथली चुनखडक, खडू आणि चुनखडीयुक्त चिखलाच्या थरांतून, तरी दोघींच्या अंगात भिजल्यावर फुगणारी आणि वाळल्यावर आक्रसणारी तीच चिकणमाती आहे. त्या वर्षी जूनच्या सुरुवातीपासून दोन महिने इथे पाऊस पडला नव्हता. जुलैत कुंपणाजवळच्या हिरवळीत भेगा पडल्या, तेव्हा आबांनी हातातली काठी एका भेगेत सोडली आणि ती वीतभर आत गेल्यावर ते म्हणाले, “माय, हे तर आपलंच रान हाय.” उन्हाळ्यात इथले लोक घराच्या पायाभोवती झिरपणारी नळी पसरून मातीला पाणी पाजतात, हे पाहून त्यांना मुळीच नवल वाटले नाही. काळ्या रानात घर बांधायचे तर पाया मुरमाला टेकवावा, आणि ते जमत नसेल तर निदान माती एकसारखी ओली राहील एवढे पाहावे, हे त्यांना ठाऊक होते.

ओट्याची रचना समजून घेतली की तो खचण्याची वाट दिसते. तलावाची कुंडी खोल खड्ड्यात सळयांच्या जाळ्यावर काँक्रीट फवारून केलेली असते आणि ती एकसंध, ताठ असते. खड्डा मात्र कुंडीपेक्षा मोठा खणलेला असतो, आणि मधली फट शेवटी खणलेल्या मातीनेच बुजवतात. तो भराव थराथराने धुमसून बसवला, तर ठीक. नाहीतर ढेकळे जशीच्या तशी आत जातात, वर खडीचा पातळ थर पसरतात आणि त्यावर चार इंचांचा कोबा ओततात. म्हणून तलावाला लागून असलेली ओट्याची कड भरावावर असते आणि बाहेरची कड मूळ जमिनीवर. भराव बसला की ओटा तलावाच्या बाजूला कलतो. खरे तर फुटाला दोन सूत असा त्याचा उतार तलावापासून बाहेर असायला हवा. एकदा तो उलटा झाला की पावसाचे पाणी काठाकडे धावते, सुटलेल्या सांध्यातून खाली उतरते, भराव आणखी बसवते आणि बारीक माती वाहून नेते. त्यामुळे ओटा आणखी कलतो आणि पुढचे पाणी आणखी जोरात आत जाते.

एवढे कळल्यावरही एक गोष्ट बसत नव्हती. असा भराव साधारणपणे पहिल्या काही वर्षांतच बसून घेतो. चोवीस वर्षे शांत असलेला भराव अचानक खचला असेल, तर त्याच्या खाली काहीतरी नवे घडले असणार. त्या ऑगस्टच्या चौथ्या आठवड्यात दोन महिन्यांच्या कोरडीनंतर डॅलस विमानतळावर एका दिवसात नऊ इंचांहून अधिक पाऊस झाला होता, आणि पहिला संशय त्यावर गेला. तो अर्धा खरा निघाला.

ठरवण्याआधी मोजायचे, असे आम्ही दोघांनी ठरवले. सगळ्यात आधी तलावाची कुंडीच कलली नाही ना, हे पाहणे आवश्यक होते, कारण ती कलली असेल तर ओट्यावर केलेला खर्च फुकट गेला असता. त्यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही. तलावातले पाणी हीच मोठी पाणसळ आहे. वारा नसलेल्या पहाटे आम्ही काठाखालच्या निळ्या फरशीच्या वरच्या कडेपासून पाण्यापर्यंतचे अंतर चारही कोपऱ्यांत मोजले. एका कोपऱ्यात एक सूत फरक आला, बाकी तिन्ही सारखे. कुंडी जागेवर होती.

मग ओटा. त्याचे सांध्यांनी पाडलेले सहा भाग होते, प्रत्येक साधारण दहा फूट लांब-रुंद. आबांनी हातोडीच्या दांड्याने एकेक भाग ठोकत नेला. उथळ बाजूचे पहिले दोन खणखणीत वाजले आणि तिसरा मधेच कुठेतरी बोदा वाटला. चौथा आणि पाचवा पोकळ, भद्द वाजले. सहाव्यावर आवाजाची गरजच नव्हती, कारण त्याचे आरपार तीन तुकडे झाले होते. पाचव्याच्या सुटलेल्या सांध्यातून मी एक सळई आत घातली. कोब्याच्या तळाला टेकेपर्यंत ती अडली, आणि मग एकाएकी दोन इंच काहीही न लागता खाली गेली. त्या दोन इंचांत काहीच नव्हते. आपण ज्याच्यावर खुर्ची टाकून चहा पितो तो सव्वादोन टनांचा तुकडा केवळ सळयांच्या आणि शेजाऱ्यांच्या आधाराने अधांतरी उभा आहे, हे हाताला कळल्यावर मी मुलांना त्या बाजूला जायला बंदी केली.

आबांनी सुचवलेली पुढची गोष्ट मला कोणत्याही तज्ज्ञाकडून ऐकायला मिळाली नव्हती. ते म्हणाले, की भेगाळलेल्या रानाची उंची आत्ता मोजून काय उपयोग. माती भरू दे, मग बघ कोण वर येतं अन् कोण येत नाही. म्हणून प्रत्येक भागावर रंगाने एक खूण केली, काठाच्या दगडापासून त्या खुणेची खोली मोजली आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ती वहीत लिहायची असे ठरले. ऑक्टोबरात ते परभणीला परतले, तरी मोजमाप चालू राहिले आणि दर महिन्याला आकडे फोनवरून त्यांच्याकडे जात राहिले.

परतण्याआधी त्यांच्या डोळ्यांना आणखी एक गोष्ट खटकली होती. तलावाचे पाणी जरा जास्तच उतरत होते. मला ते उन्हामुळे वाटत होते. खरे-खोटे करण्यासाठी बादलीची परीक्षा करतात. तलावाच्या पहिल्या पायरीवर एक बादली ठेवायची, तिच्यात तलावाइतक्याच पातळीपर्यंत पाणी भरायचे, आत आणि बाहेर खूण करायची आणि पंप बंद ठेवून एक दिवस थांबायचे. ऊन आणि वारा दोन्हींना सारखेच लागतात, त्यामुळे बाष्प होऊन गेलेले पाणी दोन्हीकडे सारखेच कमी होते. बादलीतले पाणी पाव इंच उतरले आणि तलावातले अर्धा. आमचा तलाव पंधरा फूट रुंद आणि तीस फूट लांब आहे. तेवढ्या क्षेत्रावरचे पाव इंच पाणी म्हणजे सुमारे २६५ लिटर, तेही एका दिवसात. मी हा आकडा मोठ्याने सांगितला तेव्हा आबा बराच वेळ गप्प राहिले. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले होते, आणि त्याच उन्हाळ्यात आमच्या गावातही टँकरच्या रांगेत ते स्वतः उभे राहिले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गळती शोधणाऱ्या माणसाला फोन केला.

त्याने प्रत्येक नळी दोन्ही टोकांना बूच मारून हवेच्या दाबाने तपासली. स्किमरची, म्हणजे पाण्यावर तरंगणारा कचरा ओढून घेणाऱ्या तोंडापासून पंपाकडे जाणारी नळी दाब धरेना. पंप चालू असताना त्याच्या कचरा अडवणाऱ्या जाळीच्या पारदर्शक झाकणाखाली सतत दिसणारे हवेचे बुडबुडे मी वर्षभर पाहत होते आणि त्यांचा अर्थ मला कळला नव्हता. ओढीच्या बाजूची नळी फुटलेली असेल तर पंप चालू असताना ती हवा आत घेते आणि पंप थांबला की पाणी बाहेर सोडते. फुटलेला जोड नेमका सहाव्या भागाखाली होता. तो केव्हा फुटला हे शपथेवर सांगता येणार नाही, परंतु माझा तर्क २०२१ च्या फेब्रुवारीवर जातो. त्या १६ तारखेला डॅलसचे तापमान शून्याखाली १९ अंशांपर्यंत गेले होते, वीज गेल्यामुळे पंप थांबला होता आणि पंपाजवळच्या आमच्या दोन नळ्या उभ्या चिरल्या होत्या. त्या आम्ही बदलल्या. जमिनीखालच्या नळीचा विचार तेव्हा कोणाच्याच मनात आला नाही.

स्किमरच्या तळाला बूच मारून ती नळी आम्ही बंद करून टाकली, आणि खालच्या निचऱ्यातून पाणी ओढत हिवाळा काढला. या एका कृतीने वहीतले आकडे बोलू लागले. सप्टेंबर आणि ऑक्टोबरात सहावा भाग दर महिन्याला एकेक सूत खाली जात होता. नोव्हेंबरपासून तो जिथल्या तिथे थांबला. पहिला, दुसरा आणि तिसरा भाग ऑगस्टमध्ये दोन ते तीन सूत खाली होते. वसंतातल्या पावसाने माती भरली तसे ते हळूहळू वर आले आणि मे २०२३ मध्ये काठाला जवळजवळ टेकले. ते खचलेले नव्हतेच, ऋतूबरोबर श्वास घेत होते. चौथा आणि पाचवा मात्र सगळा पाऊस होऊनही वर आले नाहीत, कारण त्यांच्या खाली फुगायला माती उरलीच नव्हती. मी ऑगस्टमध्ये घाईने निर्णय घेतला असता, तर पहिले तीन भागही उचलून घेतले असते आणि पुढच्या मे महिन्यात ते काठाच्या वर येऊन काठाचे दगड आणि निळी फरशी फोडत बसले असते. कंत्राटदार येतात ते उन्हाळ्यात, कारण ओटा खचलेला उन्हाळ्यात दिसतो. काळ्या मातीवरच्या ओट्याचा निकाल उन्हाळ्यात लावू नये, असे माझे ठाम मत झाले आहे.

मे महिन्यात निर्णय तसा सरळ होता. पहिल्या तिघांना हात लावायचा नाही. चौथा आणि पाचवा अख्खे आहेत, त्यांच्या काँक्रीटचा काहीही दोष नाही, म्हणून ते उचलायचे. सहावा फोडायचा, कारण त्याचे तुकडे झाले होते आणि दुरुस्त करायची नळी त्याच्या पोटात होती. तुकडे झालेला कोबा खालून दाबून वर आणला, तर प्रत्येक तुकडा आपापल्या वाटेने वर येतो आणि सगळे पुन्हा एका पातळीत येत नाहीत.

उचलण्यासाठी राडा की फोम, यावर मी कागद घेऊन बसले. एका भागाखालची पोकळी आणि उचलायची उंची मिळून सरासरी तीन इंच धरले, तर शंभर चौरस फुटांखाली पंचवीस घनफूट भरणा लागतो. सिमेंट-मातीच्या राड्याचे वजन घनफुटाला शंभर पौंडांच्या घरात असते, म्हणजे अडीच हजार पौंड. कोब्याच्या स्वतःच्या वजनाच्या निम्मे ओझे, तेही ज्या भरावाने आधीच मान टाकली आहे त्याच्यावर. पॉलीयुरेथेनचा फोम घनफुटाला दोन ते चार पौंडांचा असतो, म्हणजे जास्तीत जास्त शंभर पौंड. कणखर जमिनीवर मी स्वस्त राड्याचीच बाजू घेतली असती. तो जुना आणि चांगला मार्ग आहे. इथे मात्र फोमचे जास्तीचे पैसे द्यायला मला जड गेले नाही.

उचलण्याचे काम मी जवळ उभी राहून पाहिले. कोब्यात पाच सुती भोके पाडली, ती तलावाच्या भिंतीपासून राखून, कारण फुगणारा फोम ओट्याला जसा ढकलतो तसाच भिंतीलाही ढकलू शकतो. एका कामगाराने नळी धरली, दुसऱ्याने गुडघ्यावर बसून एक तळवा काठाच्या दगडावर आणि बोटे ओट्यावर अशी ठेवली. दोन-तीन सेकंद सोडायचे, थांबायचे, पुन्हा सोडायचे. प्रथम काहीच घडले नाही, पोकळी भरत होती. मग खालून बारीक कुरकुर ऐकू आली, सांध्यातली धूळ हलली आणि माझी रंगाची खूण काठाकडे सरकू लागली. पंधरा मिनिटांत फोम घट्ट झाला. मी दोन्ही भाग काठापेक्षा एक सूत खालीच ठेवायला सांगितले, म्हणजे अतिवृष्टीच्या वर्षी वर येण्याला जागा राहील.

सहाव्या भागाने चार दिवस घेतले. फोडल्यावर खाली जे निघाले ते भराव नव्हे, राखाडी चिखल होता. नळीचा जोड बदलून पुन्हा दाबाने तपासला, चिखल दोन फूट खोल काढून टाकला आणि आणलेली माती सहा-सहा इंचांच्या थरांत यंत्राने धुमसली. बदलायचे म्हणजे फोडायचे आणि ओतायचे, इतके ते सोपे नाही. तलावाच्या आतल्या भिंतीपासून तीन फुटांपर्यंतच्या ओट्यातल्या सळया तांब्याच्या भरीव तारेने तलावाच्या इतर लोखंडी भागांशी जोडलेल्या असाव्या लागतात, म्हणजे पाण्यातला हात आणि ओट्यावरचा पाय यांच्यात विजेचा फरक राहत नाही. अमेरिकेच्या विद्युत संहितेच्या ६८० व्या कलमात ही अट आहे. जुन्या सळयांबरोबर तो जोड तुटला होता. इलेक्ट्रिशियनने तो पुन्हा करून शहराच्या तपासनिसाला दाखवेपर्यंत मी काँक्रीट ओतू दिले नाही, आणि जे कोणी ओटा फोडणार असतील त्यांनी दुसरे काही विसरले तरी हे विसरू नये.

सळया बांधणारा गवंडी मेक्सिकोतून आलेला, साठीच्या पुढचा होता. तो ज्या सळईला तीन नंबर म्हणत होता, ती आपली तीन सुती सळई. इथले नंबर इंचाच्या आठव्या भागावरच चालतात. मी व्हिडिओवर आबांना ती दाखवली. त्यांनी जाळी खाली मातीला टेकलेली पाहिली आणि ती उचलून ठेवायला सांग म्हणाले. गवंड्याला ते सांगण्याआधीच तो जाळीखाली ठोकळे सरकवू लागला होता. ओतल्यानंतर सात दिवस ओली गोणपाटे टाकून मी त्या कोब्यावर पाणी मारले. तो शेजारच्या जुन्या भागापेक्षा पांढरा दिसतो आणि बरीच वर्षे तसाच दिसेल. ते मला चालते.

शेवटी काठ आणि ओटा यांच्यामधल्या फटीत फोमची दोरी दाबून वर नवी लांबी भरली. तो सांधा आता मी दर वसंतात बोट फिरवून तपासते आणि सुटला असेल तिथे लगेच भरते, कारण ओट्याखाली जाणारे पावसाचे पाणी आत शिरते ते तिथूनच. वहीही चालू आहे.

जूनअखेर स्किमरची नळी उघडली आणि बादली पुन्हा पायरीवर ठेवली. दुसऱ्या दिवशी फोन केला, तेव्हा आबा रानातून नुकतेच आले होते, आणि परभणीत अजून पाऊस लागला नव्हता.

“हौदाचं पाणी किती उतरलं?” त्यांनी विचारले.

“दोन सूत, आबा.”

“अन् बादलीतलं?”

“बादलीतलंही दोनच.”